भिंतींपुरता पैसा

आमच्या लहानपणी कोणी विसंगत बोलू लागला, की 'याला ठाण्याला पाठवा' असे सहज म्हटले जाई आणि सगळे हसत. ज्या घरातले माणूस खरोखरच ठाण्याच्या मनोरुग्णालयात होते, त्या घरातले मात्र अशा वेळी गप्प राहत. मनोरुग्णाला दूरच्या इस्पितळात ठेवावे की त्याच्या वस्तीतच आसरा बांधावा, आणि खर्च कोणी करावा, हा प्रश्न अमेरिकेत शतकाहून अधिक काळ गाजला. त्या इतिहासात एक कॅथलिक कुटुंब उभे आहे, म्हणून तो येथे सांगावासा वाटतो.

डोरोथिया डिक्स या शिक्षिकेने तुरुंगांत डांबलेले मनोरुग्ण पाहिले आणि त्यांच्यासाठी आयुष्य वेचले. सरकारी जमिनीच्या उत्पन्नातून इस्पितळे चालावीत, हे तिचे विधेयक काँग्रेसने मंजूर केले; परंतु दानधर्म हे केंद्राचे काम नव्हे, असे म्हणून राष्ट्राध्यक्ष पिअर्स यांनी ३ मे १८५४ रोजी ते नाकारले. भार राज्यांवर राहिला. १९५५ साली राज्यांच्या इस्पितळांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते.

जॉन केनेडी हे अमेरिकेचे पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष. त्यांची बहीण रोझमेरी जन्मापासून मतिमंद होती. १९४१ साली, ती तेवीस वर्षांची असताना, वडिलांच्या निर्णयाने तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि तिची होती ती वाचाही जवळजवळ गेली. त्या पित्याला दोष देणे आज सोपे आहे. तेव्हा नामवंत डॉक्टरच ही शस्त्रक्रिया सुचवीत असत. १९४९ पासून ती विस्कॉन्सिनमधील जेफरसन येथे, फ्रान्सिस्कन धर्मभगिनींच्या सेंट कोलेटा या संस्थेत राहू लागली.

३१ ऑक्टोबर १९६३ रोजी केनेडींनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने वस्तीवस्तीत मानसिक आरोग्य केंद्रे बांधण्यासाठी पंधरा कोटी डॉलर ठेवले. केंद्रात रुग्णाला ठेवून घेण्याची सोय हवी आणि तातडीची मदत चोवीस तास मिळायला हवी, अशी अट होती. मध्यरात्री ज्याचा तोल सुटला त्याच्या घरच्यांना दार ठोठावता येईल अशी जागा सरकारी पैशातून उभी राहणार होती. मात्र हा पैसा केवळ बांधकामाचा होता. परिचारिका व डॉक्टर यांच्या पगाराचे कलम, डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधामुळे, आधीच गळाले होते. विटांना कोणाचा विरोध नव्हता!

बावीस दिवसांनी केनेडींची हत्या झाली. १९६५ साली पगारासाठी अनुदान मंजूर झाले, पण ते दरवर्षी घटत जाणारे. पंधराशे केंद्रांचा संकल्प होता. निम्म्याच्या आसपासच उभी राहिली. इस्पितळे मात्र झपाट्याने रिकामी झाली. नवी औषधे आली होती, आणि रुग्ण कमी झाले की राज्यांचा पैसा वाचत होता. १९८० पर्यंत तेथील रुग्णसंख्या दीड लाखाच्या खाली आली. बाहेर पडलेल्यांपैकी कित्येक पदपथांवर आणि तुरुंगांत आढळू लागले. तेच तुरुंग, जेथून डिक्सबाईंनी आरंभ केला होता. १९८१ साली केंद्रांना थेट मिळणारी मदतही थांबली.

रोझमेरीला कशाचीच वाण पडली नाही. केनेडी कुटुंबाने तिच्यासाठी सेंट कोलेटाच्या आवारात स्वतंत्र घर बांधले होते आणि सोबतीला धर्मभगिनी होत्या. ७ जानेवारी २००५ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी तिने देह ठेवला, तेव्हा तिची भावंडे उशाशी होती.