पोथीचा रुमाल आणि मुलाचें पुस्तक

अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांनीं आपलें एक विवेचन कापडावर लिहिलें. ‘पासोडी’ म्हणून प्रसिद्ध असलेलें हें कापड सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद आहे. पासोडी पसरली कीं सारा ग्रंथ डोळ्यांपुढें येतो. सामान्य पोथीची गोष्ट निराळी असे. ती रुमालांत बांधून ठेवावयाची, आणि रुमाल वरून सगळे सारखेच. कोणत्यांत काय आहे हें घरांतील वडील मंडळींसच ठाऊक. त्यांना विचारणें हीच त्या काळची ग्रंथसूचि. वडील गेले कीं सूचीहि जाई. पोथी घरांत असे, पण सांपडत नसे.

छापखान्यानें ग्रंथ विपुल केले, तरी रुमालाची जागा कुलूपबंद कपाटानें घेतली, एवढेंच पुष्कळ ठिकाणीं झालें. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. अशा स्थितींत हैदराबाद शहरीं १९२२ सालीं मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें, याचें मोल आज सहज कळणार नाहीं. पुस्तक मिळविणें हेंच जेथें कष्टाचें, तेथें मिळालेलें पुस्तक कुलुपांत जपावेंसें वाटलें तर त्यांत नवल तें कोणतें? परंतु गरजेंतून लागलेली संवय गरज सरल्यावरहि टिकून राहते, हा इतिहासाचा नित्याचा अनुभव आहे.

बडोद्यास याच्या आधींच निराळा विचार झाला होता. सयाजीराव गायकवाडांनीं १९०६ सालीं आपल्या राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. आणि ज्यास वाचावयास शिकविलें त्यास वाचावयास कांहीं दिलें पाहिजे, हें ओळखून १९१० सालीं अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास आणविलें. मध्यवर्ती ग्रंथालयांत मुलांसाठीं स्वतंत्र विभाग झाला, आणि खेडोपाडीं पुस्तकांच्या पेट्या फिरूं लागल्या. पुढें १९३१ सालीं रंगनाथन यांनीं आपले पांच नियम प्रसिद्ध केले. ग्रंथ उपयोगासाठींच आहेत, येथून आरंभ करून वाचकाचा वेळ वांचविण्यापर्यंतचें कर्तव्य त्यांनीं ग्रंथपालाच्या पदरीं घातलें.

पण हा वाचक आठ वर्षांचा असला म्हणजे? मेल्विल ड्यूई यांनीं १८७६ सालीं सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडले. मूल येऊन म्हणतें, “मला वाघाचें पुस्तक पाहिजे.” ड्यूईंच्या पद्धतीप्रमाणें वाघ हा प्राणी ५९९ या अंकाखालीं, लोककथेंतला वाघ ३९८ खालीं, आणि मराठी साहित्यांतला ८९१.४६ खालीं! मुलाचा वाघ मात्र एकच असतो. ग्रंथकाराचें नांव त्यास ठाऊक नसतें. लाल वेष्टण व पहिलें चित्र तेवढें आठवतें. म्हणून प्राथमिक शाळेंत अंकाच्या जोडीस चित्र हवें, पुस्तकाची पाठ नव्हे तर दर्शनी पान समोर हवें, आणि फळी मुलाच्या हातास पोहोंचणारी हवी. सर्वांत उत्तम म्हणजे वरच्या वर्गांतील मुलांनींच धाकट्यांस पुस्तक शोधून द्यावें. कारण आपल्याला तें कसें सांपडलें हें ती अद्याप विसरलेलीं नसतात.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें, त्यांत गोष्टींचीं पुस्तकेंहि असावींत, असें ठरविलें. परंतु बीड जिल्ह्यांत या प्रश्नास एक कठोर बाजू आहे. दिवाळीच्या सुमारास सहस्रावधि कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. आईबापांबरोबर गेलेल्या मुलाचें वर्षाचें अर्धें फडावर जातें. परत आल्यावर वर्ग पुढें गेलेला. त्यांत कपाटहि कुलुपांत असलें, तर ग्रंथालय असून नसल्यासारखेंच. ज्याच्या घरीं विचारावयास वाचतें माणूस नाहीं, त्यास वाट दाखविणारें दुसरें कोण?

अशा मुलासाठीं बडोद्याची पेटी आठवावी. मूल पुस्तकापर्यंत येऊं शकत नसेल, तर पुस्तकानेंच कोप्यांच्या वस्तीवर गेलें पाहिजे. आणि जून महिन्यांत तें मूल शाळेंत आलें म्हणजे त्याचें ओळखीचें पुस्तक त्याच फळीवर, त्याच चित्राखालीं त्यास सांपडलें पाहिजे. पुस्तक हरवेल, मळेल, ही भीति खरी आहे. परंतु रुमालांत राहून न सांपडलेली पोथीहि हरवलेलीच होती.