ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प

चंद्रपूर जिल्ह्यातील व्याघ्र प्रकल्प. यातील ताडोबा राष्ट्रीय उद्यान (1955) राज्यातले सर्वांत जुने. 1986 मध्ये अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि पुढे दोन्ही मिळून हा प्रकल्प उभा राहिला. गाभा क्षेत्र सुमारे 625 चौ. किमी., भोवतीचे बफर सुमारे 1,100 चौ. किमी.

हा मुलूख गोंडांचा. वाघाशी झुंजताना मरण पावलेला गोंड प्रमुख तारू इथला देव झाला, अशी लोककथा आहे. ताडोबा तलावाच्या काठी त्याचे ठाणे असून पौषात तेथे यात्रा भरत असे. मोहर्लीकडून तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत उंच दगडी खांब दिसतात. ते गोंड राजांच्या काळातले असून दोर आणि घंटांच्या साहाय्याने त्यांवरून निरोप पोचवत, असे सांगतात.

साग, ऐन, बिजा, मोह, तेंदू आणि बांबू यांचे हे पानझडी रान. उन्हाळ्यात ओढे आटले की ताडोबा, कोळसा व तेलिया तलावांभोवती सांबर, चितळ, गवे गोळा होतात आणि वाघाला शिकारीसाठी फार हिंडावे लागत नाही. दुपारच्या काहिलीत तो तासन्‌तास पाण्यात बसतो, बहुधा पाठमोरा पाण्यात शिरून, तोंड काठाकडे ठेवून. ताडोबा तलावात मगरीही आहेत.

गाभण राहिल्यावर वाघीण साधारण साडेतीन महिन्यांनी विते आणि पिल्ले दीड-दोन वर्षे सोबत बाळगते. नंतर त्यांना स्वतःचा इलाखा शोधावा लागतो, आणि खरा पेच येथूनच सुरू होतो. गाभ्यात जागा धरून बसलेले थोराड वाघ तरुणांना थारा देत नाहीत. मग हे तरुण वाघ बफरमध्ये, शेतांच्या कडेला, शेजारच्या ब्रह्मपुरीच्या जंगलात उतरतात. मोहफुले वेचणारी, तेंदूपाने तोडणारी माणसे तिथेच वाकून काम करत असतात. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. वाघांची वाढती संख्या सांगताना हे मृत्यूही त्याच नोंदीत यायला हवेत.

2014 च्या गणनेत राज्यात 190 वाघ होते, 2018 मध्ये 312, तर 2022 मध्ये 444. ताडोबाची माया ही वाघीण देशभर प्रसिद्ध होती. 2023 च्या पावसाळ्यापासून ती दिसलेली नाही. नवेगाव व जामणी ही गावे गाभ्याबाहेर वसवण्यात आली. जामणीच्या मोकळ्या शिवारात आता गवताचे कुरण असून चितळांचे कळप तेथे चरतात.

पर्यटन हा इथला एक महत्त्वाचा व्यवसाय. बफरमधील अनेक तरुण वाटाडे व जिप्सीचालक आहेत. पावसाळ्यात गाभा पर्यटकांसाठी बंद असतो.