तीस मीटरांवरचं छप्पर : उपग्रहाचा संकेत आणि ड्रोनची उंची

आजचा विषय एका साध्या प्रसंगापासून सुरू करू. लग्नाचं कार्यालय, तिन्ही बाजूंनी चारमजली इमारती, मधे फरसबंद अंगण. फोटोग्राफर ड्रोन उडवतो. ड्रोन तीस मीटरांपर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. कांडी कितीही पुढे ढकला, वर म्हणून जात नाही. पडद्यावर सूचना असते की जीपीएसचा संकेत कमकुवत आहे. फोटोग्राफरला वाटतं यंत्र बिघडलं. पण यंत्र ठणठणीत आहे. ते त्याला दिलेला नियम पाळतंय.

हा नियम आला कुठून, हे आज आपल्याला पाहायचं आहे. बहुतेकांचा पहिला अंदाज असा असतो की उंची उपग्रह मोजतात, संकेत मिळाला नाही की उंची कळत नाही, म्हणून यंत्र थांबतं. अंदाज सरळ आहे, पण चुकीचा आहे.

छोट्या ड्रोनमध्ये उंची धरून ठेवण्याचं मुख्य काम हवेचा दाब मोजणारा एक इवलासा बॅरोमीटर करतो. ही विद्या उपग्रहांपेक्षा तीनशे वर्षांनी जुनी आहे. १६४८ च्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्युई द डोम हा डोंगर चढला. वर गेल्यावर पारा खाली उतरलेला दिसला. जमिनीजवळ साधारण आठ-साडेआठ मीटर वर गेलं की दाब एक मिलिबारने कमी होतो. आजचा सेन्सर यातला अगदी बारीक फरकही ओळखतो. म्हणजे कार्यालयाच्या अंगणातल्या त्या ड्रोनला आपण तीस मीटरांवर आहोत हे नीट कळत होतं. नाहीतर तो बरोब्बर तिसावर थांबला कसा असता?

मग उपग्रहांचा इथे संबंध काय? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

१ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि साखालिन बेटाजवळ पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर त्याच महिन्यात रेगन सरकारने जाहीर केलं की जीपीएस तयार झाल्यावर नागरी विमानांनाही ते वापरता येईल. यावरून ‘त्या अपघातामुळे जीपीएस जगाला मिळालं’ अशी गोष्ट सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. नागरी वापराचा संकेत मूळ आराखड्यातच होता. रेगन यांच्या घोषणेने त्याला जाहीर वचनाचं रूप दिलं, इतकंच.

शिवाय ते वचन हातचं राखून होतं. १९९० पासून अमेरिकी लष्कराने नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळायला सुरुवात केली. तेव्हाची अधिकृत हमी अशी होती : शंभरातल्या पंचाण्णव वेळा आडवी चूक १०० मीटरांच्या आत आणि उभी चूक १५६ मीटरांच्या आत. हा १५६ चा आकडा लक्षात ठेवा. ड्रोनसाठी आज बहुतेक देशांत जी कमाल उंची ठरली आहे ती ४०० फूट, म्हणजे १२० मीटरांच्या आसपास आहे. त्या काळात उपग्रहाच्या भरवशावर ड्रोन उडवला असता, तर नुसती चूकच कायद्याच्या मर्यादेपेक्षा मोठी झाली असती.

हे ४०० फूटही उपग्रहातून आलेले नाहीत. १९८१ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने हौशी मॉडेल विमानवाल्यांसाठी एक परिपत्रक काढलं, त्यात जमिनीपासून ४०० फुटांच्या वर जाऊ नका असा सल्ला होता. कारण मोकळ्या भागात माणसं बसलेली विमानं साधारण ५०० फुटांच्या खाली येत नाहीत. मधे शंभर फुटांची फट ठेवली. खेळण्यातल्या विमानांसाठीचा तो सल्ला पुढे ड्रोनचा कायदा झाला. आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांत हिरव्या क्षेत्राची हद्द ४०० फूट म्हणजे १२० मीटर आहे, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यात २०० फूट.

२००० सालच्या मे महिन्याच्या पहिल्या रात्री क्लिंटन सरकारने ती मुद्दाम मिसळलेली चूक बंद केली. रातोरात नागरी जीपीएस कित्येक पटींनी अचूक झालं. २००८ च्या अधिकृत दर्जापत्रकात जागतिक सरासरी आडवी ९ मीटर आणि उभी १५ मीटर अशी आहे. उभी चूक जास्तच का? कारण उपग्रह फक्त आपल्या वर असतात. खालच्या बाजूचे सगळे पृथ्वीने झाकलेले. पूर्व-पश्चिम दोन्हीकडून दोरी ताणता येते, खालून ताणायला कुणीच नाही.

२०१३ मध्ये चीनच्या डीजेआय कंपनीचा ‘फँटम’ बाजारात आला आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. आधी असली यंत्रं उडवणं म्हणजे महिनोन्‌महिन्यांचा सराव. फँटम मात्र कांडी सोडली की हवेत जागच्या जागी उभा राहायचा. उंची बॅरोमीटरमुळे टिकायची, जागा उपग्रहांमुळे. आणि निघालेली जागा लक्षात ठेवून तो परत यायचा. पुढच्या फँटम २ मध्ये हे सगळं चालू होण्यासाठी किमान सहा उपग्रह लागत. ते नसले तर? उंची टिकते, जागा टिकत नाही. वारा नेईल तिकडे ड्रोन जातो. सेकंदाला पाच मीटरांचा वारा म्हणजे काही वादळ नव्हे, पण तो मिनिटाला तीनशे मीटर नेतो. आणि जितकं वर जावं तितका वारा वाढतो. इमारतींच्या आडोशाला पान हलत नसतं, तेव्हा गच्चीच्या वर चांगला वारा असतो.

आता २६ जानेवारी २०१५. रात्री तीनच्या सुमारास एक फँटम व्हाइट हाउसच्या हिरवळीवर येऊन पडला. उडवणाऱ्याचा ताबा सुटला होता. काही दिवसांतच कंपनीने नवं सॉफ्टवेअर आणलं. त्यात वॉशिंग्टनभोवती २५ किलोमीटरांचं उड्डाणबंदीचं कुंपण होतं. विमानतळांभोवतीची कुंपणं आधीपासूनच होती. पण हे कुंपण लोखंडाचं नव्हे, ते ड्रोनच्या डोक्यात असतं. ड्रोनला आपण कुठे आहोत हेच माहीत नसेल तर त्याच्या लेखी कुंपणही नाही. उपग्रहाचा संकेत तुटला की कुंपण गायब! अशा यंत्राला निदान वर तरी जाऊ द्यायचं नाही, हाच उपाय उरतो.

कमकुवत संकेतावरच्या उंचीमर्यादेचा आमचा अर्थ असा आहे. ही मर्यादा उंचीच्या अज्ञानाची नाही, जागेच्या अज्ञानाची आहे. याला पुरावा म्हणून नियमाची बारीक अक्षरं पाहा. डीजेआयच्या छोट्या ड्रोनमध्ये संकेत कमकुवत असला आणि खालचा कॅमेरा उजेडात जमीन पाहू शकत असला तर ३० मीटर, अंधार असला तर जेमतेम काही मीटर. कॅमेरा जमिनीवरच्या खुणा पाहून जागा धरतो, म्हणून ही सवलत. दुसरं कलम आणखी बोलकं आहे. ड्रोन चालू केल्यावर संकेत एकदा जोरदार झाला की ही मर्यादा उठते, आणि नंतर संकेत पुन्हा ढासळला तरी ती लागू होत नाही. उंची मोजण्याचा प्रश्न असता तर असं कधीच केलं नसतं. एकदा निघण्याची जागा पक्की झाली की नंतर यंत्रावर भरवसा टाकायचा, असा हा हिशोब आहे.

हा भरवसा कुठे मोडतो ते ऑक्टोबर २०१८ मध्ये हाँगकाँगने पाहिलं. व्हिक्टोरिया बंदरावर ड्रोनच्या दिव्यांचा खेळ चालू असताना कुणीतरी जीपीएस संकेतात अडथळा आणला आणि ४६ ड्रोन पाण्यात कोसळले. सगळे जोरदार संकेतावरच उडालेले होते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ, कारण इथे दोन गोष्टी निराळ्या आहेत. एक म्हणजे उपग्रह ज्या गणिती पृष्ठभागापासून उंची मोजतात तो आणि खरी समुद्रसपाटी यांत भारताभोवती मोठी तफावत आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला ती शंभर मीटरांहून जास्त आहे, जगात सर्वांत मोठी. मुंबईच्या चौपाटीवर उभं राहून दुरुस्ती न केलेली उपग्रहाची उंची वाचली तर ती शून्याच्या खाली साठेक मीटर येते. दुसरी गोष्ट आयनमंडलाची. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना त्याचे दोन दाट पट्टे आहेत, उत्तरेचा भारतावरून जातो. सूर्यास्तानंतर तिथे खळबळ होते आणि संकेत लुकलुकायला लागतो. म्हणून इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने ‘गगन’ ही दुरुस्ती-यंत्रणा उभारली. २०१५ मध्ये तिला उतरणाऱ्या विमानांच्या उभ्या मार्गदर्शनासाठी मान्यता मिळाली. गावठाणांच्या ड्रोन-मोजणीत तर जमिनीवरच्या कायम केंद्रांकडून दुरुस्ती घेतात. तिथे चूक सेंटिमीटरांत असावी लागते. कुणाच्या घराची भिंत कुठे संपते आणि शेजाऱ्याची कुठे सुरू होते, हे त्या नकाशावरून ठरणार असतं.

आणि एक आपल्या डोंगरांपुरतं. बॅरोमीटर उंची मोजतो ती उडालेल्या जागेपासून. एखाद्या किल्ल्याच्या कड्यावरून ड्रोन दरीवर नेला तर पडद्यावर ५० मीटर दिसतात, आणि खाली जमीन पाचशे मीटरांवर असू शकते. कायदा मोजतो ते जमिनीपासून. इथे उपग्रहांचे सगळे दांडे भरलेले असतात आणि उडवणारा मात्र नियम मोडून बसलेला असतो.

शेवटी एक प्रश्न आला, तो घेऊ. श्रोत्यांपैकी एकांनी विचारलंय की हे तीस मीटरांचं छप्पर काढून टाकता येतं का. बदललेलं सॉफ्टवेअर टाकून तसं करणारे लोक आहेत. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने स्वतःच कुंपणं काढून त्यांच्या जागी इशारे ठेवले, जबाबदारी उडवणाऱ्यावर सोडली. पण हे कमकुवत संकेताचं छप्पर निराळं आहे आणि ते काढण्याची गरज क्वचितच पडते. उपग्रह आपला पत्ता सेकंदाला ५० बिट इतक्या संथपणे सांगतो. तारायंत्राची आठवण व्हावी असा वेग. स्वतःच्या कक्षेची माहिती तो दर तीस सेकंदांनी पुन्हा सांगतो, साऱ्या उपग्रहांची यादी पुरी व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. चहूबाजूंनी भिंती असल्या की यातलं निम्मं वाक्य मधेच तुटतं. आपल्या फोटोग्राफरने ड्रोन उचलून कार्यालयासमोरच्या मैदानात नेला असता, दोन-तीन मिनिटं तसाच चालू ठेवला असता, तर वरातीच्या आत तो वर गेला असता.