ठोकळ्यांचा ढीग

1984 साली मी चंद्रपुरात बांधकाम-साहित्य तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलो, तेव्हा गडचिरोली जिल्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. 26 ऑगस्ट 1982ला तो चंद्रपुरातून वेगळा निघाला आणि तिकडे रस्ते, मोऱ्या, पूल सुरू झाले. त्यांच्या काँक्रीटचे ठोकळे आमच्याकडे यायचे. पंधरा सेंटिमीटर लांब, तितकेच रुंद, तितकेच उंच. एकेकाचं वजन आठ किलोच्या वर. ओल्या गोणपाटात गुंडाळून कधी जीपमधून, कधी एसटीच्या टपावरून. एका अंगावर लाल रंगाने गाव आणि भरल्याची तारीख.

काम सांगायला सोपं. साच्यात काँक्रीट तीन थरांत भरायचं, प्रत्येक थर सळईने पस्तीस वेळा ठोसायचा. दुसऱ्या दिवशी साचा उघडायचा, ठोकळा पाण्यात सोडायचा आणि अठ्ठावीस दिवसांनी मशीनखाली ठेवून मोडायचा. प्रमाणपुस्तक म्हणतं, पाणी 27 अंशांच्या आसपास हवं. चंद्रपूरच्या मे महिन्यात! बाहेर पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर, आणि आम्ही टाकीत बर्फाच्या लाद्या सोडतोय.

मशीनला दोन काटे होते. काळा काटा दाबाबरोबर चढायचा आणि लाल काट्याला पुढे ढकलत न्यायचा. ठोकळा मोडला की काळा धपकन खाली यायचा, लाल तिथेच राहायचा. तोच आकडा वहीत. एम-20 काँक्रीटचा ठोकळा साधारण 46 टनांपर्यंत तरी टिकला पाहिजे. नीट मोडलेल्या ठोकळ्याच्या चारी बाजू सुटून पडतात आणि मधे डमरू उरतो. डमरू न दिसता एकच कोपरा उडाला, तर ठोकळा तिरपा बसला असं समजायचं.

एकदा माझे बाबा डबा द्यायला आले. बाबा बल्लारपूरच्या बाजूला कोळसा खाणीत लाकूडमिस्त्री होते. ठोकळा मोडताना त्यांनी पाहिला आणि म्हणाले, "मोडूनच टाकला, तर आता पुलात काय लावाल बाप्पा?" साहेब हसले. मला मात्र ते हसण्यासारखं वाटलं नाही. जो मोडला तो पुलात नाही आणि जो पुलात आहे तो कुणी मोडून पाहिलेला नाही. आमचा सगळा धंदा ठोकळा नावाच्या या साक्षीदारावर उभा. साक्षीदार फोडणारेही होतेच. एका ठेकेदाराचे ठोकळे कायम दीडपट ताकदीचे निघायचे. ठोकळ्यांसाठी तो सिमेंटची वेगळी पाटी टाकायचा, हे त्याच्याच मिस्त्रीने चहा पिताना सांगितलं.

बाबांच्या खाणीत साक्षीदार नव्हता. या भागात सरकारी कोळसा खाण पहिल्यांदा वरोऱ्याला निघाली, 1871च्या सुमारास. ती 1906 साली बंद पडली आणि काम बल्लारपूरकडे सरकलं. पद्धत तीच. कोळसा सगळा काढायचा नाही, मधे मधे खांब सोडत जायचं, वरचा डोंगर त्यांच्यावर. खांब केवढा सोडायचा, हा खरा प्रश्न. 1957च्या खाण नियमांत त्याचा तक्ताच होता: खोली वाढली, बोगदा रुंदावला की खांबही जाड हवा. पुढे धनबादच्या संशोधन केंद्राने सूत्र बसवलं. त्यात कोळशाचा अवघा 25 मिलिमीटरचा ठोकळा दाबून आलेला आकडा घालतात. सुपारीपेक्षा थोडा मोठा तुकडा आणि खाली खोलीएवढा खांब! लहान तुकडा नेहमी जास्त ताकद दाखवतो, कारण भेगा मोठ्या खांबात असतात, तुकडा भेगांच्या मधूनच निघतो. म्हणून सूत्रात खांबाची उंची-रुंदी धरून तो आकडा खाली आणावा लागतो.

बाबांना हे सूत्र ठाऊक नव्हतं. ते काठीने चाल ठोकायचे. चाल म्हणजे डोक्यावरचं छत. टणटण वाजली तर ठीक, डबडब वाजली तर वरचा थर सुटलाय, तिथे टेकू लावा. टेकू जंगली लाकडाचा. लोखंडापेक्षा लाकूड बरं, कारण ते मोडायच्या आधी कुरकुरतं आणि माणसाला पळायला वेळ देतं, असं ते म्हणायचे. आमच्या मशीनखालचा ठोकळाही शेवटच्या काही सेकंदांत बारीक तडतडतो. मी काटा पाहायचो. बाबा त्या दिवशी डोळे मिटून ऐकत होते.

सिमेंट मात्र आमच्या घरचं. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर. इथल्याच चुनखडीवर उभे कारखाने. पोत्यावरचा 43 किंवा 53 हा आकडा लोक परीक्षेतल्या गुणांसारखा वाचतात. तो अठ्ठावीस दिवसांनी एका चौरस मिलिमीटरला पेललेला दाब आहे, न्यूटनमध्ये, आणि ठोकळा असतो 70.6 मिलिमीटरचा. असा विचित्र आकडा एवढ्यासाठी की त्याची एक बाजू जवळजवळ पन्नास चौरस सेंटिमीटर भरते. गंमत अशी, की वैनगंगा आणि वर्धेच्या काठी बसून या चाचणीला रेती लागते तमिळनाडूतल्या एन्नोरची. सगळ्या देशाचं सिमेंट एकाच रेतीत मोजायचं, म्हणून. आमच्या नदीची रेती पुलात चालते, कसोटीत नाही.

पावसाळा आमच्या वहीचा वैरी. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद. अठ्ठावीस दिवसांचा ठोकळा एकेचाळिसाव्या दिवशी उगवायचा. काँक्रीट तोवर आणखी घट्ट झालेलं. आकडा चांगला येणारच. मी वय लिहायचो आणि शेऱ्यात ‘पूर’. नव्या साहेबांनी विचारलं, हा कसला शेरा? म्हटलं, साहेब, एक पावसाळा थांबा.

चंद्रपुरातल्या गोंड राजांच्या तटाचा वालुकाश्म मात्र कधी मशीनखाली आला नाही. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा या चारही वेशी उभ्या आहेत. इतर कामांसाठी आलेले वालुकाश्माचे गोल गाभे मी मोडलेत, कोरडे आणि भिजवलेले. भिजलेला आधी जातो. तेव्हापासून पावसाळ्यात पठाणपुऱ्यावरून जाताना सायकल थांबवून तटाची ओल कुठवर चढलीय, ते बघायची खोड लागली.

मोडलेले डमरू आम्ही मागच्या अंगणात टाकायचो. काहींची फुलझाडांना कड केली, काही पायरीला लावले. 2019 साली निवृत्त झालो तेव्हा ढीग खिडकीपर्यंत आला होता. लाल रंग उडालेला, तरी काहींवर वाचता यायचं: एटापल्ली, अहेरी, कोरची, धानोरा. घरी न्यायला एक उचलला. त्यावर फक्त तारीख उरली होती, गावाचा भाग मशीनखाली गेला होता.