मुतखडा : सुरीपासून आघात तरंगांपर्यंत

मुतखड्याचे दुखणे फार जुने आहे. सुश्रुतसंहितेत ‘अश्मरी’ या नावाने त्याचे वर्णन येते. मूत्राशयातला खडा शस्त्राने काढण्याची रीतही तेथे दिलेली आहे. पण कुशल वैद्यालाही यशाची खात्री नसते, म्हणून हा उपाय शेवटचा मानावा, असे बजावलेले आहे. इंग्लंडमधील रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याने १६५८ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. आपण जगलो याचा त्याला एवढा आनंद झाला, की पुढे त्या तारखेला मेजवानी द्यायची, असे त्याने ठरवून टाकले.

शरीर न कापता खडा काढता येईल का? पॅरिसच्या नेकर रुग्णालयात झां सिव्हियाल या डॉक्टरने १८२४ मध्ये याचे उत्तर दिले. मूत्रमार्गातून एक बारीक नळी मूत्राशयात सरकवायची, तिच्यातून निघणाऱ्या तीन चिमट्यांनी खडा पकडायचा आणि आतल्या गिरमिटाने तो पोखरून फोडायचा, अशी त्याची रीत होती. आतले काही दिसत नसे; सारे काम हाताच्या स्पर्शावर चाले.

सिव्हियालने आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. त्याने दोन्ही पद्धतींचे आकडे गोळा केले. जुन्या शस्त्रक्रियेत साधारण पाचांपैकी एक रुग्ण दगावत होता, तर नव्या पद्धतीत शंभरांत दोन-तीन. १८३५ मध्ये हे आकडे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आले. ते तपासणाऱ्या समितीत प्वासाँ हा नामवंत गणितज्ञही होता. समितीने एक शंका उपस्थित केली : संख्याशास्त्र समूहाविषयी बोलते, डॉक्टरपुढे मात्र एकच माणूस असतो, मग हे आकडे त्याच्या काय कामाचे? शंका गैरलागू नव्हती. नव्या पद्धतीसाठी सौम्य आजाराचे रुग्ण निवडले, तर तिचे आकडे आपोआपच चांगले दिसतील. तरीही तुलना न करता आपली पद्धत चांगली म्हणणे, ही निव्वळ समजूत ठरते. आज कोणताही नवा उपचार आकड्यांच्या कसोटीला उतरावा लागतो; त्या शिस्तीची ही सुरुवातीची पायरी होती.

मूत्रपिंडातल्या खड्यापर्यंत सिव्हियालचे हत्यार पोहोचत नव्हते. त्यासाठी पुढे दीडशे वर्षे लागली, आणि मदत आली ती विमानविद्येकडून. स्वनातीत वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूत आघात तरंग उठतात. जर्मनीतील डॉर्निए या विमान कंपनीत त्यांचा अभ्यास चालू होता. हेच तरंग खडा फोडू शकतील, या कल्पनेवर म्युनिकच्या डॉक्टरांनी कंपनीबरोबर काम केले. ७ फेब्रुवारी १९८० रोजी ख्रिस्तियान शोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णावर उपचार केले.

यातले भौतिकशास्त्र शाळेत शिकवता येण्याजोगे आहे. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात. एका नाभीतून निघालेला तरंग कडेवरून परावर्तित होऊन दुसऱ्या नाभीत एकवटतो. यंत्रातल्या अर्ध्या लंबगोलाकार पात्रात पहिल्या नाभीवर पाण्यात विजेची ठिणगी पाडतात आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने रुग्णाचा खडा दुसऱ्या नाभीवर आणतात. पहिल्या यंत्रांत रुग्णाला पाण्याच्या टाकीतच ठेवत. कारण पाणी आणि शरीरातील मऊ पेशीजाल यांचे ध्वनिगुणधर्म जवळजवळ सारखे असल्याने तरंग फारसा परावर्तित न होता आत शिरतो. खडा मात्र वेगळा आणि ठिसूळ असतो. एकामागून एक आघात बसले की तो फुटतो आणि त्याचा चुरा लघवीवाटे बाहेर पडतो.

हा उपाय सर्वांसाठी नाही. गर्भवती स्त्रिया आणि रक्तस्रावाचा विकार असलेले रुग्ण यांच्यावर तो करत नाहीत. मोठ्या खड्यासाठी पाठीला लहान छिद्र पाडून दुर्बीण घालावी लागते. मूत्रमार्गातून दुर्बीण नेऊन लेसरने खडा फोडण्याची पद्धतही आज सर्रास वापरतात. तरंगांनी मूत्रपिंडाला कधीकधी इजाही होते. शिवाय खडा फुटला तरी तो तयार होण्याचे कारण शरीरात शिल्लक राहते, म्हणून पुष्कळांना तो पुन्हा होतो. भरपूर पाणी पिण्याचा सल्ला त्यामुळेच यंत्रयुगातही टिकून आहे.

दोन टाचण्या आणि दोऱ्याचे एक वेटोळे घेऊन विद्यार्थ्यांकडून लंबवर्तुळ काढून घ्यावे, एका टाचणीपासून निघालेल्या रेषा कुठे जातात ते त्यांना शोधू द्यावे, आणि मग सिव्हियालचे आकडे पुढे ठेवून विचारावे : नवी पद्धत खरोखर चांगली, हे ठरवण्यासाठी आणखी काय काय माहीत असायला हवे?