बाजार बंद

२०२२च्या सप्टेंबरमधली गोष्ट. मामांना फोन केला, तर आवाज उतरलेला. "अगं, देवाच्या कृपेने आपल्या दावणीला काही नाही. पण बाजारच बंद! खोंड विकून रब्बीचं बघणार होतो, तो नुसता बसून कडबा खातोय."

लम्पीची साथ होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात पहिल्यांदा दिसली आणि महिन्याभरात सरकारने २००९च्या केंद्रीय कायद्याखाली सगळं राज्यच 'नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर केलं. गुरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शनं, ने-आण... सगळं बंद. दगावलेल्या गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० अशी मदतही जाहीर झाली. पण मामांचा खोंड तर जिवंत होता, धडधाकट होता. त्याच्यासाठी फॉर्मात रकाना कुठला?

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेले. गंमत म्हणजे गुरं जागच्या जागी थांबवायची ही युक्ती जंतूंचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीची आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात बुळकांडीने थैमान घातलं होतं. रोममध्ये पोप अकरावे क्लेमेंट यांचे वैद्य लान्चीसी यांनी सांगितलं, औषधांच्या मागे लागू नका, आजारी जनावर मारून पुरा आणि गुरांची वाहतूक थांबवा. नियम मोडणाऱ्या सामान्य माणसाला मृत्युदंड, आणि धर्मगुरूने मोडला तर जहाजावर वल्ही मारायची शिक्षा!

१७१४ साली तीच साथ लंडनजवळच्या इस्लिंग्टनच्या गोठ्यांत पोचली. तिथे राजाचे शल्यवैद्य थॉमस बेट्स यांनी उपाय तेच केले, पण एक फरक होता. मारलेल्या गाईमागे मालकाला ४० शिलिंग मिळणार होते. मग लोक आजार लपवतील कशाला? काही महिन्यांत साथ आटोपली.

आणि मग इंग्लंड हे सगळं विसरलं. जून १८६५मध्ये बुळकांडी परत आली, तीही पुन्हा इस्लिंग्टनच्याच एका गोठ्यात. आता रेल्वे होती, त्यामुळे बाजारातलं जनावर एका दिवसात देशाच्या दुसऱ्या टोकाला. सुरुवातीला मारायचे अधिकार दिले, पण भरपाई नाही. व्हायचं तेच झालं. गोठ्यात एक गाय आजारी दिसली, की मालक बाकीच्या घाईघाईने बाजारात काढी. १८६६च्या सुरुवातीला आठवड्याला १५,०००हून जास्त जनावरं आजारी पडत होती. शेवटी फेब्रुवारीत कायदा झाला. आजारी जनावर मारलं तर निम्मी किंमत, त्याच्या संपर्कातलं निरोगी मारलं तर पाऊण किंमत, आणि वाहतुकीवर कडक बंधनं. पुढच्या वर्षी साथ संपली.

या सगळ्यातून मला कळलं ते एवढंच : बंदी दंडुक्यानेही पाळून घेता येते, पण ती चालते शेतकऱ्याने रोग झाल्याचं स्वतःहून सांगितलं तर. आणि सांगितल्यावर आपण बुडणार हे माहीत असेल, तर कोण सांगेल?

पुढे लस आली आणि बुळकांडी हटत गेली. भारतात १९९५मध्ये ती शेवटची दिसली आणि २०११मध्ये जगातूनच संपल्याची घोषणा झाली. देवीनंतर माणसाने समूळ संपवलेला हा दुसराच रोग. केवढी मोठी गोष्ट! पण लस पोचेपर्यंत दर वेळी कुणाचा तरी बाजार बंद ठेवूनच वेळ मारून न्यावी लागली.

दिवाळीत गेले तेव्हा मामांनी सांगितलं, एक दलाल आला होता. रात्री टेम्पो आणतो म्हणाला, भाव निम्मा. मामांनी नाही म्हटलं. "शेजाऱ्याच्या गोठ्यात गेला असता रोग, तर?" एवढंच बोलले.

बियाणं त्या वर्षी उधारीवर आलं. ज्या गोठ्यांत रोग पोचलाच नाही, त्यांतल्या काहींचं श्रेय मामांसारख्यांचं आहे. त्याची नोंद कुठल्याच सरकारी कागदावर नाही. म्हणून इथे करून ठेवतेय, इतकंच.