ओळखीचे दुकान ते अनोळखी संगणक : भिवंडीतील गाणी-चित्रपटांच्या प्रतींचा इतिहास

प्रस्तावना

भिवंडीत ‘टोरंट’ हा शब्द उच्चारला की सर्वसामान्य नागरिकाला विजेचे बिल आठवते. २६ जानेवारी २००७ रोजी शहराचे वीजवितरण टोरंट पॉवर या कंपनीकडे फ्रॅन्चायझी तत्त्वावर सोपविण्यात आले. त्याच दशकात सायबर कॅफेत बसणाऱ्या तरुणांच्या बोलण्यात हाच शब्द निराळ्या अर्थाने रुळत होता. त्यांचा ‘टोरंट’ म्हणजे चित्रपट उतरवून घेण्याचे साधन. हा निव्वळ शब्दांचा योगायोग आहे. तथापि भारनियमनाच्या त्या काळात माग आणि डाऊनलोड ही दोन्ही एकाच विजेवर अवलंबून होती, हेही विसरता येत नाही.

प्रस्तुत लेखात गाणी व चित्रपट यांच्या प्रती मिळविण्याच्या साधनांचा १९८० नंतरचा प्रवास यंत्रमागांच्या या शहराच्या संदर्भात पाहावयाचा आहे. ‘कोणता फाइल-शेअरिंग प्रोग्राम सुरक्षित?’ हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी जोखीम कोणी उचलावयाची, हा जुना प्रश्न आहे. त्याचे उत्तर या चाळीस वर्षांत दुकानदाराकडून हळूहळू ग्राहकाकडे सरकत गेले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कॅसेट आणि व्हिडिओ

भिवंडीच्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेल्या कामगारांची मोठी संख्या आहे. बारा तासांची पाळी, कुटुंब गावाकडे, मुक्काम सामाईक खोलीत आणि जेवण खाणावळीत, अशा जीवनक्रमात करमणूक ही चैन राहत नाही. आपल्या बोलीतील गाणे हा गावाशी उरलेला एक धागा असतो.

१९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांनंतर रंगीत दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ यांचा देशभर झपाट्याने प्रसार झाला. कामगारवस्त्यांतून व्हिडिओ पार्लर उभी राहिली. कायद्यालाही त्यांची दखल घ्यावी लागली. १९८४ च्या दुरुस्तीने १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील चित्रपटाच्या व्याख्येत व्हिडिओचा समावेश झाला, शिक्षा वाढविण्यात आल्या आणि कॅसेटवर हक्कधारकाचा तपशील छापणे बंधनकारक ठरले. याच दशकात टी-सिरीजने स्वस्त कॅसेटच्या बळावर एच.एम.व्ही.ची मक्तेदारी मोडून काढली. त्याबरोबरच कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानदाराच्या हाती देऊन ‘भरून’ घेण्याची पद्धतही रूढ झाली.

या व्यवहारातील बहुतांश प्रती विनापरवाना होत्या, हे मान्य केलेच पाहिजे. गायक, संगीतकार, निर्माते यांचे त्यात नुकसान होते. परंतु ग्राहकाच्या बाजूने पाहता त्यात एक सोय होती. छापा पडला तर तो दुकानावर पडे. पार्लरचा प्रेक्षक तिकिटाचे पैसे देऊन बाहेर पडला की त्याचा संबंध संपला. कॅसेट खरखरली तर ती घेऊन त्याच दुकानदाराशी भांडता येई. सुरक्षिततेची हमी म्हणजे ओळखीचा चेहरा.

भिवंडीप्रमाणेच यंत्रमागांचे शहर असलेल्या मालेगावात या संस्कृतीला अनपेक्षित फळ आले. तेथील व्हिडिओ पार्लरचालक नासिर शेख यांनी स्थानिक कलाकारांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ तयार केला. इतरांचे चित्रपट दाखविता दाखविता स्वतः चित्रपट करावयास शिकणे, हा अध्याय केवळ चोरीच्या खात्यात जमा करणे अन्यायाचे होईल.

अनोळखी संगणकाशी देवघेव

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. १९९९ मध्ये अमेरिकेत नॅप्स्टर सुरू झाले. त्यात गाणी ग्राहकांच्याच संगणकांवर असत. यादी मात्र कंपनीच्या मध्यवर्ती संगणकावर असे. त्यामुळे न्यायालयाच्या आदेशानंतर २००१ मध्ये ते बंद पाडता आले. काझा, लाइमवायर इत्यादी पुढील प्रोग्रामांनी ती एकमेव यादीच काढून टाकली. ब्रॅम कोहेन यांच्या बिटटोरंटने २००१ मध्ये त्याहून मूलगामी बदल केला. फाइलचे लहान तुकडे करावयाचे, ते अनेकांकडून एकाच वेळी घ्यावयाचे आणि मिळालेला तुकडा लगेच दुसऱ्यास द्यावयाचा, अशी ही रचना. मध्येच वीज गेली तरी उतरलेले तुकडे वाया जात नसत. तुटक जोडणी आणि भारनियमन यांच्या काळात हा गुण किती मोलाचा होता, हे सांगावयास नको.

मात्र ओळखीचा दुकानदार येथे नाहीसा झाला. काझाबरोबर जाहिरातींचे आणि पाळत ठेवणारे उपप्रोग्राम संगणकात शिरत. लाइमवायरमध्ये सामाईक फोल्डर चुकीचा निवडला गेला तर गाण्यांबरोबर घरातील खासगी कागदपत्रेही जगापुढे उघडी पडत. गाण्याच्या नावाखाली येणाऱ्या फाइलच्या शेवटी ‘ईएक्सई’ ही अक्षरे असतील तर ते गाणे नव्हे, हे अनेकांना संगणक बिघडल्यावरच कळले. बिटटोरंट प्रत्येक तुकड्याची खातरजमा करते, परंतु ती खातरजमा मर्यादित असते. मूळ फाइल जशी होती तशी पोहोचली, एवढेच त्यातून सिद्ध होते. ती फाइल तयार करणारा प्रामाणिक होता की नाही, हे नाही. कापडाच्या व्यापाऱ्यास हा भेद सहज उमगेल : ताग्याचे माप बरोबर भरले म्हणून सूत चांगले ठरत नाही.

अधिकृत माल तेवढा सुरक्षित, असेही सरसकट म्हणता येत नाही. २००५ मध्ये सोनी बी.एम.जी. कंपनीच्या रीतसर विकल्या जाणाऱ्या संगीत-सीडींतून ग्राहकाच्या संगणकात लपून बसणारा प्रोग्राम शिरत असल्याचे उघड झाले आणि कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. उलटपक्षी, लिनक्ससारख्या मुक्त प्रणाली बिटटोरंटवरून रीतसर वाटल्या जातात. साधनावर दोष ठेवण्यापूर्वी त्यातून काय वाहते, हे पाहावे लागते.

कायद्याची रेषा

महाराष्ट्राने २००९ मध्ये झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले इत्यादींविरुद्धच्या १९८१ च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याच्या कक्षेत ‘व्हिडिओ पायरेट’ आणले. हा कायदा उघडच विक्रेत्यास डोळ्यांपुढे ठेवून होता. घरी बसून फाइल घेणाऱ्याचे काय, हा प्रश्न २०१६ मध्ये ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या निमित्ताने मुंबई उच्च न्यायालयापुढे वेगळ्या वाटेने आला. बंद केलेल्या संकेतस्थळांवर झळकणाऱ्या सूचनेत मजकूर नुसता पाहणे हाही तीन वर्षांच्या कैदेस पात्र गुन्हा असल्याचे भासविले गेले होते. न्या. गौतम पटेल यांनी ती सूचना सुधारण्यास सांगितले. नुसते पाहण्यात गुन्हा नाही. हक्कधारकास बाधक ठरणारे वितरण, सार्वजनिक प्रदर्शन, विक्री वा भाड्याने देणे यांत तो आहे, असा त्यांच्या आदेशाचा आशय होता.

येथेच खरी मेख आहे. पार्लरमधील प्रेक्षक केवळ प्रेक्षक होता. बिटटोरंट वापरणारा मात्र चित्रपट घेता घेता त्याचे तुकडे इतरांना देत असतो. म्हणजे तो त्याच क्षणी वितरकही होतो, आणि बहुधा त्यास याची जाणीवही नसते. पूर्वी दुकानदाराच्या शिरावर असलेली जोखीम प्रोग्रामच्या रचनेनेच ग्राहकाच्या शिरावर आली. ‘सुरक्षित प्रोग्राम’ शोधणाऱ्याचे लक्ष विषाणूकडे असते, या बाबीकडे क्वचितच जाते.

पुन्हा हातातून हातात

मोबाइलच्या मेमरी कार्डाने कामगारवस्त्यांत जुनी पद्धत काही काळ परत आणली. काही रुपयांत ‘चिप भरून’ देणारी दुकाने निघाली. दुकानदार पुन्हा समोर होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला, आणि तरीही शेअरइट, झेंडर यांसारखी ॲप लोकप्रिय राहिली, कारण त्यांना डेटा लागतच नसे. एका खोलीतील एकाने उतरविलेले गाणे क्षणात सर्वांच्या फोनवर जाई.

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये ही दोन्ही होती. त्या वेळी टाळेबंदीमुळे भिवंडीतील अनेक कामगार आपापल्या गावी परतलेले होते. शेअरइटमधील गंभीर त्रुटी ट्रेंड मायक्रो या संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केल्या. तोपर्यंत गूगलने अँड्रॉइड फोनमध्येच ‘निअरबाय शेअर’ ही सोय ऑगस्ट २०२० पासून देण्यास प्रारंभ केला होता. तीत फाइल येण्यापूर्वी पाठविणाऱ्याचे नाव पडद्यावर दिसते आणि ती स्वीकारावी की नाकारावी, असे विचारले जाते.